बगळा, डुक्कर आणि डास : जपानी मेंदूज्वराचे निसर्गचक्र

सन 2005 च्या पावसाळ्यात पूर्व उत्तर प्रदेशातील गोरखपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत मेंदूज्वराची जी साथ पसरली, तिने देशाच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेला खडबडून जागे केले. जुलै ते नोव्हेंबर या कालावधीत 5,700 हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी 1,300 हून अधिक दगावले. मृतांमध्ये बहुसंख्य ग्रामीण, गरीब कुटुंबांतील मुले होती. जी वाचली त्यांतील अनेकांना कायमचे अपंगत्व आले; कोणाची वाचा गेली, कोणाचे हातपाय लुळे पडले, कोणाची बुद्धी खुंटली. साथीच्या काळात डासांविषयी पुष्कळ लिहिले गेले, डुकरांविषयीही लिहिले गेले. परंतु शिवारातल्या भातखाचरात एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक या रोगाच्या विषाणूचा निसर्गातील मूळ आश्रय तोच आहे.

डासांमुळे पसरणाऱ्या रोगांचा विचार करताना आपल्यासमोर बहुधा हिवताप किंवा डेंग्यू असतो. या रोगांत डास रुग्णाला चावतो आणि तेथून रोगकारक जंतू निरोगी माणसाकडे नेतो. माणूस, डास आणि पुन्हा माणूस, असे हे सरळ चक्र आहे. जपानी मेंदूज्वराचे तसे नाही. त्याचा विषाणू वन्य पक्षी आणि डास यांच्यामध्ये फिरत असतो. माणूस या चक्रात योगायोगाने सापडतो आणि विषाणूचा प्रवास त्याच्यापाशी थांबतो. माणसाच्या रक्तात या विषाणूचे प्रमाण इतके अल्प असते आणि तेही इतका थोडा काळ, की रुग्णाला चावलेल्या डासाला सहसा संसर्ग होत नाही. म्हणूनच एका रुग्णापासून दुसऱ्याला हा रोग होत नाही. रुग्णाला वेगळे ठेवून साथ आटोक्यात येत नाही, याचेही कारण हेच.

जपानपासून भारतापर्यंत

या रोगाच्या साथी जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नोंदल्या गेल्या आहेत. 1924 मध्ये तेथे मोठी साथ आली आणि 1935 मध्ये एका मृत रुग्णाच्या मेंदूतून विषाणू वेगळा करण्यात आला. तो डासांमार्फत पसरतो हे त्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्पष्ट झाले. मात्र दोन साथींच्या मधल्या काळात विषाणू राहतो कोठे, हे कोडे सुटण्यास आणखी दोन दशके लागली. 1950 च्या दशकात टोकियोच्या परिसरात अमेरिकन व जपानी शास्त्रज्ञांनी सलग काही वर्षे पक्षी, डुकरे आणि डास यांचा एकत्रित अभ्यास केला. रातबगळे व पांढरे बगळे यांच्या वीण-वसाहतींत विषाणू वाढतो आणि डुकरांमध्ये तो गुणाकाराने फोफावतो, हे त्या अभ्यासातून सिद्ध झाले.

भारतात हा रोग प्रथम 1955 मध्ये वेल्लोर परिसरातील रुग्णांमध्ये ओळखला गेला. त्याआधी तीन वर्षे, म्हणजे 1952 मध्ये, भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. रोगाची पहिली मोठी साथ 1973 मध्ये पश्चिम बंगालच्या बांकुरा व बर्दवान जिल्ह्यांत आली आणि 1978 मध्ये ती पूर्व उत्तर प्रदेशात पोहोचली. पुढे आसाम, बिहार, आंध्र प्रदेश, कर्नाटक, तामिळनाडू अशा अनेक राज्यांत तिने मूळ धरले. गोवा आणि विदर्भाचा भातपट्टाही त्यातून सुटला नाही. ही नावे नकाशावर मांडली तर एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते : जेथे भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात, तेथे हा रोग आहे.

सगळेच प्राणी सारखे नसतात

विषाणूबाधित डास अनेक प्राण्यांना चावतो. बगळा, कावळा, बदक, डुक्कर, गाय, म्हैस, घोडा, वटवाघूळ, माणूस अशा कितीतरी प्राण्यांच्या रक्तात जपानी मेंदूज्वराच्या विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली आहेत. परंतु प्रतिपिंडे सापडली म्हणजे तो प्राणी रोग पसरवतो, असा निष्कर्ष काढता येत नाही. विषाणू त्या प्राण्यापर्यंत कधीतरी पोहोचला होता, एवढेच त्यावरून कळते.

प्राणी विषाणूचा खरा यजमान ठरण्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात. विषाणू त्याच्या रक्तात भरपूर वाढला पाहिजे आणि काही दिवस तरी टिकला पाहिजे, कारण डास एका वेळी रक्ताचा अगदी सूक्ष्म थेंब शोषतो. त्या थेंबात पुरेसे विषाणू नसतील तर डासाला संसर्ग होत नाही. तो प्राणी त्या जातीच्या डासाच्या आवडीचाही असला पाहिजे. रक्तात कितीही विषाणू असले तरी डास त्याच्याकडे फिरकतच नसेल तर उपयोग नाही. याखेरीज त्या प्राण्याच्या संख्येत सतत नव्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या पिढीची भर पडावी लागते. एकदा संसर्ग होऊन गेलेला प्राणी बहुधा आयुष्यभर सुरक्षित होतो आणि विषाणूच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. या तिसऱ्या बाबीकडे सर्वसाधारणपणे दुर्लक्ष होते. परंतु साथी ठराविक हंगामात का येतात, याचे बरेचसे उत्तर तिच्यातच आहे.

बगळ्यांच्या कुळात या सर्व गोष्टी जुळतात. ढोकरी, गायबगळा, रातबगळा हे पक्षी पाणथळ जागी आणि भातखाचरांत मासे, बेडूक, कीटक टिपत फिरतात. विणीच्या काळात ते शेकडोंच्या संख्येने एकाच झाडावर किंवा झाडांच्या समूहात घरटी बांधतात. अशा वसाहतीला मराठीत सारंगागार असे सुंदर नाव आहे. उत्तर भारतात हा विणीचा हंगाम पावसाळ्यात येतो. अंगावर पुरती पिसे नसलेली, उडता न येणारी आणि विषाणूशी पूर्वी कधीही संबंध न आलेली शेकडो पिल्ले एकाच ठिकाणी दाटीवाटीने बसलेली असतात. खाली खाचरांत डासांची पैदास जोरात असते. डासांना याहून सोयीची जागा मिळणे कठीण. संसर्ग झालेला बगळा सहसा आजारी पडत नाही आणि मरतही नाही. काही दिवस त्याच्या रक्तात विषाणू राहतो, त्या अवधीत डास त्याला चावतात आणि पुढे तो आपल्या वाटेने उडून जातो. पिल्ले मोठी होऊन पांगतात, तेव्हा त्यांच्यासोबत विषाणूही नव्या गावांत पोहोचण्याची शक्यता असते.

भातखाचरातील डास

या रोगाचा प्रमुख वाहक क्युलेक्स ट्रायटेनिओऱ्हिंकस हा डास आहे. डेंग्यूचा एडिस डास घरातील पाण्याच्या भांड्यांत व टाक्यांत वाढतो आणि दिवसा चावतो. क्युलेक्सचे वर्तन नेमके उलट आहे. तो शेतातल्या साचलेल्या पाण्यात वाढतो, संध्याकाळनंतर आणि रात्री बाहेर पडतो व मुख्यतः उघड्यावर चावतो. माणसाचे रक्त ही त्याची पहिली पसंती नाही. गुरे व डुकरे त्याला अधिक आवडतात. मग माणसाला रोग का होतो? पावसाळ्याच्या मध्यावर या डासांची संख्या इतकी प्रचंड वाढते, की त्यांतील थोडा हिस्सा जरी माणसाकडे वळला तरी तो पुरेसा ठरतो. अंगणात किंवा ओसरीवर झोपणाऱ्या मुलांना धोका अधिक असतो तो यामुळेच.

डासाने विषाणू शोषल्यानंतर लगेच तो दुसऱ्याला संसर्ग देऊ शकत नाही. विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचण्यास उष्ण हवेत साधारणतः आठ ते बारा दिवस लागतात. थंडीत हा काळ लांबतो आणि तोवर बहुतेक डास मरून जातात. उत्तर भारतात पावसाळा संपता संपता साथ शिखरावर जाते आणि हिवाळ्यात ओसरते, ती याच गणिताने.

खाचरातील पाण्याबरोबर खताचाही या डासांशी संबंध आहे. नत्रयुक्त खतांची मात्रा वाढली की खाचरातील पाण्यात डासांच्या अळ्यांची संख्या वाढते, असे मदुराई येथील वैद्यकीय कीटकशास्त्र संशोधन केंद्राच्या अभ्यासांत दिसून आले. हरितक्रांतीने भाताचे उत्पन्न वाढवले, सिंचनाने दुबार-तिबार पीक शक्य झाले आणि त्याचबरोबर क्युलेक्स डासाचा हंगामही लांबला. अर्थात, यासाठी भातशेतीला दोष देणे शहाणपणाचे नाही. पण पाटबंधारे, कृषी आणि आरोग्य ही खाती आपापल्या फायलींत स्वतंत्रपणे काम करीत राहिली, तर अशा परिणामांची जबाबदारी कोणावरच येत नाही, हेही तितकेच खरे.

डुक्कर : विषाणूचा गुणक

बगळ्यांमध्ये फिरणारा विषाणू शिवारातून वस्तीत आणण्याचे काम प्रामुख्याने डुक्कर करते. डुकराच्या रक्तात विषाणू दोन ते चार दिवस फार मोठ्या प्रमाणात राहतो. डासांना डुक्कर आवडते आणि ते माणसाच्या घराजवळ राहते. त्यातच मादी एका वेतात आठ-दहा पिल्ले देते आणि बहुतेक डुकरे वर्षभराच्या आतच मांसासाठी विकली जातात. परिणामी प्रत्येक पावसाळ्यात विषाणूला डुकरांची नवी, असुरक्षित पिढी तयार मिळते. मोठे डुक्कर संसर्ग होऊनही बहुधा धडधाकट दिसते. केवळ गाभण माद्यांमध्ये गर्भपात होणे वा मृत पिल्ले जन्मणे हे लक्षण दिसते. खेड्यातील पालकाला ती दैवगती वाटते, तिची नोंद कोठेच होत नाही. प्रत्यक्षात ती माणसांतील साथीची पूर्वसूचना असू शकते. जपानने कत्तलखान्यांत येणाऱ्या डुकरांच्या रक्ताची प्रत्येक उन्हाळ्यात नियमित तपासणी करून या सूचनेचा वर्षानुवर्षे पद्धतशीर उपयोग करून घेतला.

2016 मध्ये स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी आणखी एक बाब उघड केली. प्रयोगशाळेत बाधित डुकरांच्या सान्निध्यात ठेवलेल्या निरोगी डुकरांना डास नसतानाही संसर्ग झाला आणि डुकरांच्या घशातील ग्रंथींत विषाणू कित्येक आठवडे टिकून राहिला. प्रत्यक्ष गोठ्यांत याचा वाटा किती आहे, यावर अभ्यास सुरू आहेत.

मग डुकरेच हटवली तर? गोरखपूरच्या साथीनंतर ही मागणी वारंवार झाली. सिंगापूरने 1990 च्या सुमारास आपल्या बेटावरील वराहपालन पूर्णपणे बंद केले. मानवी रुग्ण तेथे अत्यंत विरळ झाले. तथापि त्यानंतरही तेथील पक्ष्यांत आणि रानडुकरांत विषाणूच्या प्रतिपिंडांच्या खुणा आढळल्या. केरळच्या कुट्टनाड भागात 1996 साली आलेल्या साथीनेही असाच विचार करायला लावला. तेथे डुकरांची संख्या मोठी नव्हती. जलपर्णीने भरलेले कालवे, बदकपालन आणि पाणपक्षी मात्र विपुल होते. जलपर्णीच्या मुळांना चिकटून वाढणाऱ्या मॅन्सोनिया जातीच्या डासांतही तेथे हा विषाणू मिळाला. डुकराच्या अनुपस्थितीतही विषाणूला वाट सापडते, असा याचा अर्थ होतो. शिवाय भारतात डुक्करपालन हे प्रायः समाजातील अत्यंत गरीब कुटुंबांचे उपजीविकेचे साधन आहे. पर्यायी व्यवसाय न देता त्यांचे प्राणी हिरावून घेणे अन्यायाचे होईल. डुकरांचे गोठे वस्तीपासून दूर नेणे, त्यांना जाळ्या बसवणे आणि उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या डुकरांना आळा घालणे, हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे.

गोठ्यातील गाय

गाय-म्हशींची भूमिका याहून वेगळी, किंबहुना काहीशी दुटप्पी आहे. डासांना त्या अतिशय प्रिय. पण त्यांच्या रक्तात विषाणू वाढत नाही. गाईला चावलेला बाधित डास आपला दंश एका अर्थी वाया घालवतो. तामिळनाडूच्या तंजावर भागात भातशेती आहे, डास आहेत, बगळेही आहेत; तरीही तेथे मेंदूज्वराचे प्रमाण तुलनेने कमी राहिले. डुकरांच्या मानाने गुरांची कितीतरी अधिक संख्या, हे त्याचे एक कारण अभ्यासकांनी सांगितले. मात्र दारात गाय बांधली की रोग टळतो, अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे. गुरांच्या रक्तावर डासांची संख्याही वाढते. गोठा घराला चिकटून असेल तर गुरांसाठी आलेले डास शेजारी झोपलेल्या मुलाला चावणारच.

परदेशातील दोन धडे

वन्य यजमानांचे वर्तन साथीला कसे वळण देते, हे वेस्ट नाईल विषाणूच्या उदाहरणातून विशेष स्पष्ट होते. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा हा जवळचा नातलग. युगांडात 1937 साली तो प्रथम सापडला. 1999 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात मेंदूज्वराचे रुग्ण दिसू लागले, तेव्हा आरंभी त्याचे निदान सेंट लुईस मेंदूज्वर असे करण्यात आले. त्याच सुमारास शहरात कावळे मोठ्या संख्येने मरून पडत होते आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील पक्षीही दगावत होते. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांना मारत नाही, तेव्हा निदानात काहीतरी चुकते आहे, असा आग्रह तेथील पशुरोगतज्ज्ञ डॉ. ट्रेसी मॅकनमारा यांनी धरला. त्यांचा संशय खरा ठरला. पुढील काही वर्षांत हा विषाणू पक्ष्यांबरोबर संपूर्ण उत्तर अमेरिकेत पसरला. मेलेले कावळे सर्वांना दिसले. विषाणूच्या प्रसारात मात्र मोठा वाटा अमेरिकन रॉबिन या साध्या बागपक्ष्याचा असल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले, कारण तेथील क्युलेक्स डासांना तो विशेष आवडतो. उन्हाळ्याच्या अखेरीस रॉबिन पक्षी पांगतात, तेव्हा हेच डास माणसाकडे वळतात आणि मानवी रुग्ण वाढतात. भारतातही केरळमध्ये 2011 साली अलप्पुळ जिल्ह्यात आणि त्यानंतरही वेस्ट नाईलचे रुग्ण आढळले आहेत.

दुसरे उदाहरण पीतज्वराचे. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत हा विषाणू माकडे आणि झाडांच्या शेंड्यावर राहणारे डास यांच्यात फिरतो. हाऊलर जातीची माकडे त्याला विशेष बळी पडतात. 2016 ते 2018 दरम्यान ब्राझीलमध्ये ती मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडली आणि त्यामागोमाग माणसांत साथ आली. काही ठिकाणी भीतीपोटी लोकांनी माकडांनाच मारले. त्यांनी, खरे पाहता, धोक्याची घंटाच फोडून टाकली. भारतात 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका शास्त्रज्ञांच्या मनात आली होती. तपासाअंती तो गोचिडांमार्फत पसरणारा वेगळाच विषाणू निघाला.

भौगोलिक सीमाही अशा विषाणूंना रोखत नाहीत. 2022 च्या आरंभी अतिवृष्टी व पुरांनंतर आग्नेय ऑस्ट्रेलियातील वराहपालन केंद्रांत जपानी मेंदूज्वर प्रकटला आणि माणसांतही मृत्यू झाले. देशाच्या त्या भागात हा रोग पूर्वी कधीही नव्हता. पाणपक्ष्यांची हालचाल आणि मोकाट रानडुकरे यांच्याकडे तेथील यंत्रणांचे लक्ष वळले ते त्यानंतर.

लस आणि तिच्या मर्यादा

बगळ्यांना मारणे वा त्यांची झाडे तोडणे हा उपाय होऊ शकत नाही. ते संरक्षित पक्षी आहेत, शेतातील कीटक खाऊन ते शेतकऱ्याला साह्य करतात आणि हाकलले तर विषाणूसह दुसऱ्या गावी वसाहत करतात. खाचरातील पाणी अधूनमधून सोडून देऊन जमीन ओली-कोरडी ठेवण्याची पद्धत डासांच्या अळ्यांना मारक ठरते आणि पाणीही वाचवते. परंतु ती सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी अवलंबिली तरच परिणामकारक होते. उघड्यावर चावणाऱ्या डासांवर घरातील फवारणीचा प्रभाव मर्यादितच राहतो.

त्यामुळे मुख्य भिस्त लसीकरणावर आली. 2006 मध्ये केंद्र सरकारने चीनमधून आयात केलेल्या लसीच्या साह्याने उत्तर प्रदेश, आसाम, पश्चिम बंगाल व कर्नाटक या राज्यांतील सर्वाधिक जोखमीच्या 11 जिल्ह्यांत 1 ते 15 वर्षे वयाच्या मुलांचे लसीकरण सुरू केले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने बाधित जिल्ह्यांचा समावेश होत गेला. 2012 मध्ये पाच राज्यांतील 60 प्राधान्य जिल्ह्यांसाठी अनेक मंत्रालयांचा संयुक्त कार्यक्रम आखण्यात आला. 1981 साली कर्नाटकातील कोलार येथील रुग्णाकडून मिळालेल्या विषाणूपासून तयार केलेली स्वदेशी लस 2013 मध्ये उपलब्ध झाली. तिच्या विकासात पुण्याच्या संस्थेचा मोलाचा वाटा होता. पूर्व उत्तर प्रदेशात लसीकरणानंतर जपानी मेंदूज्वर घटला तरी मेंदूज्वराचे रुग्ण येतच राहिले. त्यांतील मोठ्या हिश्श्यामागे माइट या सूक्ष्म किड्यांच्या अळ्यांमार्फत पसरणारा स्क्रब टायफस असल्याचे पुढे निष्पन्न झाले. एका रोगाच्या नावाखाली दुसरा लपून राहू नये, यासाठी पशुवैद्यक, कीटकशास्त्रज्ञ आणि डॉक्टर यांनी एकत्र काम करणे गरजेचे असते. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर येथे पायाभरणी झालेल्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेमागे हीच दृष्टी आहे.

जपानी मेंदूज्वराच्या लसीविषयी एक बाब पालकांना आणि आरोग्यसेवकांनाही नीट समजलेली असणे आवश्यक आहे. गोवर किंवा पोलिओसारख्या रोगांत गावातील बहुतेक मुलांचे लसीकरण झाले की विषाणूला फिरण्यास जागा उरत नाही आणि लस न मिळालेली मुलेही आपोआप काही प्रमाणात सुरक्षित होतात. येथे तसे घडत नाही. गावातील शंभरपैकी नव्व्याण्णव मुलांना लस मिळाली तरी बगळे, डुकरे आणि डास यांच्यातील विषाणूचे चक्र तसेच चालू राहते, आणि उरलेल्या एका मुलाचा धोका तिळमात्र कमी होत नाही. म्हणून बाधित जिल्ह्यांत नवव्या महिन्यानंतर पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा प्रत्येक बालकापर्यंत पोहोचणे जरूर आहे. वीटभट्टीवर, ऊसतोडीवर वा शहरातील बांधकामावर आई-वडिलांबरोबर गेलेली, त्यामुळे गावच्या यादीत न सापडणारी मुलेही यात आली. पहिला पाऊस पडून खाचरे भरण्यापूर्वी त्यांचा शोध घेणे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रांपुढील सर्वांत कष्टाचे काम आहे.